उरलेल्या तीन शाली : मंडळीतील ज्येष्ठांची सेवा कशी आखावी



मागच्या दोन भागांत आपण तरुण संघाविषयी बोललो. आज मंडळीतल्या ज्येष्ठांविषयी बोलू. ज्या पाळकांना, कमिटीच्या सभासदांना आणि महिला मंडळातल्या बहिणींना आपल्या मंडळीत हे काम सुरू करायचे आहे, त्यांच्यासाठी हा भाग आहे. वही-पेन जवळ घेऊन बसा, कारण आजच्या बोलण्यात वहीचेच काम जास्त आहे.

आधी माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीने 'ज्येष्ठांचा रविवार' साजरा केला. कार्यक्रमाची जबाबदारी माझ्याकडे होती. फौजेतून निवृत्त झालेला माणूस मिळाला की मंडळी त्याला खुर्च्या, मांडव आणि जेवणाचे काम देते, तसे मला दिले. कार्यक्रम वेळेवर सुरू झाला, वेळेवर संपला. तरुणांनी गीत गायले, पाळकसाहेबांनी उपदेश केला, प्रत्येक ज्येष्ठाला शाल आणि गुलाबाचे फूल दिले. जेवणात मऊ भात आणि कमी तिखटाचे मटण. सगळे खूश. संध्याकाळी मी हिशेब लिहिला : शाली आणल्या ३४, वाटल्या ३१, शिल्लक ३. त्या तीन शाली पिशवीत घालून चर्चच्या कपाटात ठेवल्या आणि कुलूप लावले.

शिल्लक तीन म्हणजे तीन माणसे आली नाहीत, हे माझ्या डोक्यातच आले नाही.

चार महिन्यांनी एका दुसऱ्याच कामासाठी आमच्या मंडळीतल्या एका निवृत्त शिक्षिकेकडे गेलो. वय ऐंशीच्या पुढे, सगळी मंडळी त्यांना 'बाई' म्हणते. आमच्या मंडळीतली अर्धी चाळिशीतली माणसे त्यांच्याकडे शब्बाथ शाळा शिकलेली. बोलता बोलता कळले की त्या आठ महिने उपासनेला आलेल्या नाहीत. आठ महिने प्रभुभोजन नाही. मी विचारले, "बाई, तब्येत बरी नव्हती का?" त्या म्हणाल्या, "तब्येत ठीक आहे." मग बराच वेळ गप्प बसल्या. शेवटी म्हणाल्या, "भाऊ, तुमची उपासना अडीच तासांची. मला रक्तदाबासाठी लघवीची गोळी आहे. आणि चर्चच्या मागचा संडास कुलूपबंद असतो. किल्ली मागायला मला लाज वाटते."

काही रविवारी त्यांनी सकाळची गोळी घेतलीच नव्हती. तेही जमेना, तेव्हा येणे बंद केले.

बघा, एका किल्लीसाठी एक बाई आठ महिने प्रभूच्या मेजापासून दूर राहिली, आणि आम्ही त्या काळात तिच्या नावाची शाल विकत आणली. म्हणून मी ठामपणे सांगतो : ज्येष्ठांची सेवा आखायला बसाल तेव्हा कार्यक्रमापासून सुरुवात करू नका. कोण येत नाही आणि का येत नाही, तिथून सुरुवात करा.

फौजेत संध्याकाळी गिनती होते. हजर किती हे सांगून सुभेदारसाहेबांची सुटका होत नाही. जो समोर नाही तो कुठे आहे, रजेवर, दवाखान्यात की ड्युटीवर, हे त्यांना सांगता आले पाहिजे. हरवलेल्या मेंढराचा दाखला आपण सर्वांनी शंभर वेळा ऐकला आहे. मेंढपाळ रानात शोधायला गेला हे आपल्या लक्षात राहते. पण त्याआधी त्याने मेंढरे मोजली होती. मोजली नसती तर नव्याण्णव घरी नेऊन तो निवांत झोपला असता, जसा मी झोपलो.

पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय काढून वाचा. विधवांच्या नोंदीविषयी तिथे स्पष्ट सूचना आहेत : नोंद कोणाची करायची, वय किती असावे, घरचे लोक असतील तर जबाबदारी आधी कोणाची. तिथे साठ वर्षे हा आकडासुद्धा दिलेला आहे. म्हणजे पहिल्या शतकातल्या मंडळीकडे वही होती. तुमच्या मंडळीकडे बाप्तिस्म्याची वही आहे, लग्नाची आहे, दफनाची आहे. बाप्तिस्मा आणि दफन यांच्यामध्ये माणूस वीस वर्षे घरात पडून असतो, त्याची वही कुठे आहे?

तर ही वही करा. दोनशे पानी साधी वही चालेल. एका पानावर एक नाव. वय, घरात बरोबर कोण आहे, फोन, जवळच्या मुलाचा किंवा मुलीचा फोन. डोळे, कान, गुडघे यांची स्थिती. प्रभुभोजन शेवटचे कधी घेतले, ती तारीख. भेटायला कोण गेले आणि कधी, त्या तारखा. आणि सर्वांत खाली एक ओळ मोकळी ठेवा : 'हे मंडळीला काय देऊ शकतात?' या शेवटच्या ओळीकडे मी नंतर येतो.

वही भरायला बसलात की लक्षात येईल की ज्येष्ठ हा एक गट नाही. बासष्ट वर्षांचे काका स्कूटरवरून येतात आणि बाजारहाट करून घरी जातात. पंचाहत्तरीच्या आजी कोणी आणले तर येतात. आणि नव्वदीचे आजोबा दोन वर्षांत उंबऱ्याबाहेर पडलेले नाहीत. यात बाप आणि मुलगा दोघेही 'ज्येष्ठ' असू शकतात. आपल्या बहुतेक योजना त्या स्कूटरवाल्या काकांसाठी असतात, कारण ते सोपे आहे. सहल काढा, भजनाची स्पर्धा घ्या, काका हजर. माझी सूचना उलटी आहे. पहिले सहा महिने फक्त उंबऱ्याआतल्या माणसांसाठी द्या आणि हे काम स्कूटरवाल्या काकांच्या हाताने करून घ्या. त्यांना सहलीपेक्षा कामाची गरज जास्त आहे, हे मी स्वतःवरून सांगतो. निवृत्तीनंतरचा पहिला महिना बरा जातो, दुसऱ्या महिन्यात घरातले लोक कंटाळतात.

आता इमारत बघू. हे काम फुकट आणि एका रविवारी होते. कमिटीच्या चार जणांना कानात कापसाचे बोळे घालून मागच्या बाकावर बसवा. आम्ही बसवले. अर्ध्या तासात त्यांना जे कळले ते पाच वर्षांच्या मीटिंगमध्ये कळले नव्हते. पंख्यांची घरघर आणि कीबोर्डचा आवाज यांत उपदेश बुडून जातो. वय झाले की आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येणे कमी होते. त्यामुळे माणसाला आवाज येतो पण शब्द कळत नाहीत. अशा माणसाशी ओरडून बोलण्यात अर्थ नाही. तोंडासमोर येऊन, सावकाश, थोड्या खालच्या पट्टीत बोलावे. आणि माइक तोंडाशी धरावा. "मला माइकची गरज नाही, माझा आवाज मोठा आहे," असे म्हणणाऱ्या वक्त्याला माझ्या मते खाली बसवावे.

पडद्यावर गीतांचे शब्द दाखवायची पद्धत आता सगळीकडे आली आहे. मागे फुलांचे चित्र आणि त्यावर पांढरी अक्षरे. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना त्यातले काहीच दिसत नाही. साधी काळी पाटी आणि मोठी पांढरी अक्षरे ठेवा. त्या रविवारची चार गीते मोठ्या टायपात कागदावर छापून दहा-पंधरा प्रती दारात ठेवा. आपल्या ज्येष्ठांना 'उपासना संगीत'मधली जुनी गीते पाठ असतात, त्यांना कागद लागतो तो नवीन गीतांसाठी. महिन्यातून दोन रविवार तरी त्यांचे एखादे गीत त्यांच्या चालीत, त्यांच्या लयीत घ्या. तरुणांना ते संथ वाटेल. वाटू द्या.

आणखी एक गोष्ट. "आपण उभे राहू या, आपण बसू या" हे आपण एका उपासनेत आठ-दहा वेळा म्हणतो. बराच वेळ बसलेला वयस्क माणूस झटकन उभा राहिला की त्याचा रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो, आणि त्यात तो पडतो. या वयात खुब्याचे हाड मोडले की पुष्कळदा माणूस पुन्हा पूर्वीसारखा चालत नाही. म्हणून "ज्यांना शक्य आहे त्यांनी उभे राहावे" एवढे तीन-चार शब्द वाढवा आणि ते मनापासून म्हणा, म्हणजे बसलेल्याला अपराधी वाटणार नाही. पायऱ्यांना कठडा लावा. संडासात धरायला दांडी आणि एक कमोड बसवा. आणि कुलूप काढून टाका.

इमारतीवर मी जास्त वेळ घालवला याची मला जाणीव आहे. पण आपल्याकडे सेवा म्हटले की लगेच प्रार्थना आणि वचन यांकडे वळतात, आणि संडास राहून जातो.

आता घरभेट. ही या सेवेची कणा आहे, आणि इथेच आपण सर्वांत ढिले असतो. "येतो कधीतरी" हे ज्येष्ठ माणसाला दिलेले सर्वांत वाईट आश्वासन. तो रोज वाट बघतो. सकाळी अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून दाराकडे तोंड करून बसतो. म्हणून वार ठरवा. पंधरा दिवसांनी एकदाच जा, पण त्याच वारी, त्याच वेळी जा. जमणार नसेल तर आदल्या दिवशी फोन करा.

दोघांनी मिळून जावे, एकट्याने कधीही नाही. अर्धा-पाऊण तास पुरे. त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा, पलंगाशेजारी उभे राहून खाली बघत बोलू नका. सुनेला "यांनी जेवण केले का?" असे त्यांच्या डोक्यावरून विचारू नका, त्यांनाच विचारा. आल्या आल्या प्रार्थना आटोपून निघायची घाई करू नका. आधी ऐका, मग विचारा, "कशासाठी प्रार्थना करू?" उत्तर तुम्हाला वाटले त्यापेक्षा वेगळे येते. एका काकांच्या गुडघ्यांसाठी आम्ही सहा महिने प्रार्थना करत होतो. विचारले तेव्हा म्हणाले, "धाकट्या भावाशी पंधरा वर्षे बोललो नाही, त्यासाठी करा."

प्रभुभोजन घरी देण्याची तुमच्या मंडळीची जी रीत असेल त्याप्रमाणे पाळकसाहेबांनी वर्षभराच्या तारखा आधीच ठरवाव्यात. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे असे याकोबाच्या पत्रात आहे. पण आपले म्हातारे लोक बोलवत नाहीत. "पाळकसाहेबांना कशाला त्रास?" म्हणतात. त्यामुळे बोलावण्याची वाट न बघता जावे.

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाकडे जायला आपण कचरतो, कारण काय बोलावे ते कळत नाही. काही बोलू नका, गा. नावे विसरलेल्या, घर विसरलेल्या माणसाच्या आतसुद्धा जुने गीत बऱ्याचदा शाबूत असते. पहिली ओळ तुम्ही सुरू करा आणि थांबा.

घरभेटीला जाणाऱ्यांसाठी काही कडक नियम हवेत. ज्येष्ठांचे एटीएम कार्ड, पिन, ओटीपी यांना हात लावायचा नाही, त्यांनी आग्रह केला तरी नाही. उसने घ्यायचे नाही, द्यायचे नाही. दानाचे पाकीट दिले तर पावती दुसऱ्या दिवशी पोचली पाहिजे. आणि मृत्युपत्राच्या बाबतीत फार सावध राहा. आपल्या ख्रिस्ती लोकांना भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू आहे. त्यात मृत्युपत्रावर दोन साक्षीदार लागतात, आणि साक्षीदाराला किंवा त्याच्या नवऱ्याला-बायकोला त्याच मृत्युपत्रात काही दिलेले असेल तर ते देणे रद्द ठरते. प्रेमाने एखाद्या आजींनी तुमच्या नावे काही लिहिले आणि तुम्हीच सही केली, तर देणेही गेले आणि मंडळीत चर्चा मात्र राहिली. मृत्युपत्र करायला जरूर सांगा, वकिलाकडे न्यायला मदत करा, पण कागद लिहिताना तुम्ही खोलीत नसावे.

कागदपत्रांची बाकीची मदत मात्र मोकळेपणाने करा. तीही सेवाच आहे. पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागतो. आता तो मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो, आणि ऐंशीच्या पुढच्या केंद्रीय पेन्शनधारकांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. तरुण संघातल्या दोन मुलांनी ऑक्टोबरच्या एका रविवारी उपासनेनंतर टेबल टाकले तर बँकेच्या रांगा वाचतात. सत्तर वर्षे आणि त्यापुढच्या सर्वांना, उत्पन्न काहीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत रुग्णालयातील उपचार मिळण्याची सोय २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाली आहे. त्याचे वेगळे कार्ड काढावे लागते. तुमच्या मंडळीत किती जणांनी काढले आहे? वहीत लिहा. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे, आणि फोनवरून पैसे लुबाडले गेले तर लगेच १९३० वर कळवावे. हे दोन आकडे मोठ्या अक्षरांत कागदावर छापून प्रत्येक घरी फोनजवळ चिकटवून या. "मी पोलीस बोलतोय, तुम्हाला फोनवरच अटक केली आहे" असे सांगून ज्येष्ठांना लुटायचे प्रकार चालू आहेत. फोनवर अटक होत नाही, हे एकदा वेदीवरून सांगितले तर घरातल्या कोणाच्या सांगण्यापेक्षा ते जास्त पटते.

आणि घरात छळ होत असेल तर? झाकू नका. मंडळीने कोर्ट होऊ नये, पण डोळेही मिटू नयेत. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आहे, त्याखाली न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. सांभाळण्याच्या अटीवर घर मुलाच्या नावे केले आणि मुलाने सांभाळले नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवता येते. म्हणून बक्षीसपत्र करताना ती अट कागदावर लिहिलेली असावी. एवढे आधीच सांगितले तर पुढचे बरेच रडणे वाचते.

बहुतेक घरांत मात्र छळ नसतो, थकवा असतो. सासऱ्यांचे अंथरूण रोज बदलणारी सून तीन वर्षे महिला मंडळाच्या सभेला आलेली नसते, आणि आपण तिच्याविषयी "हल्ली ती थंड पडली आहे" म्हणतो. महिन्यातून दोन रविवारी कोणीतरी दोन तास तिच्या घरी बसावे आणि तिला उपासनेला पाठवावे. शालीपेक्षा हे तिला आणि सासऱ्यांना दोघांनाही उपयोगी.

आता मी ज्या गोष्टीसाठी हा भाग मुख्यतः करायला घेतला, तिच्याकडे येतो. हे ऐकणारे आणि वाचणारे तुम्ही बेळगाव, हैदराबाद, बडोदा, इंदूर, बेंगळुरू, दिल्लीकडे पसरलेले आहात. तुमच्यापैकी अनेकांनी आईवडिलांना गावाहून आपल्याकडे आणले आहे. अहिल्यानगर किंवा जालन्याच्या मंडळीत पन्नास वर्षे बसलेली आई आता चौदाव्या मजल्यावर राहते. रविवारी तुम्ही तिला गाडीतून मोठ्या चर्चमध्ये नेता. गाणी इंग्रजीत, उपदेश हिंदीत किंवा इंग्रजीत, नातवंडे मराठी समजतात पण बोलत नाहीत. ती शेवटपर्यंत हात जोडून बसते. घरी आल्यावर तुम्ही विचारता, "आई, आवडले का?" ती म्हणते, "छान होते हो."

तिला काही कळलेले नाही.

प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. रोजच्या वाटपात काही विधवांकडे दुर्लक्ष होत होते. कोणत्या विधवा? ग्रीक भाषा बोलणाऱ्या. म्हणजे यरुशलेमेतल्या त्या पहिल्या मंडळीत ही कुरकुर उठली ती एकट्या बायकांवरून, आणि त्यातही परभाषिक बायकांवरून. प्रेषितांनी काय केले? "तुम्ही आमची भाषा शिका" असे म्हटले नाही. सात माणसे नेमायला सांगितली. त्या सातांची नावे वाचा : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिनास, निकलाव. सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार, त्यांच्या भाषेची माणसे कामावर लावली. नियोजन यालाच म्हणतात.

मग आपण काय करावे? गावच्या मंडळीने माणूस शहर सोडून गेला म्हणून वहीतून नाव खोडू नये. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी फोनवर मराठी प्रार्थना ठेवावी. व्हिडिओ नको, साधा फोन, कारण तो ज्येष्ठांना एकट्याने उचलता येतो. गावच्या पाळकांनी तिथल्या पाळकांना पत्र लिहावे : आमची ही बहीण तुमच्याकडे येते आहे, तिला प्रभुभोजन द्या, तिची भाषा मराठी आहे. आणि शहरातल्या मंडळीने शोधावे, आपल्यात मराठी बोलणारे आणखी कोण आहे. बहुतेक वेळा दोन रांगा सोडून एक कोल्हापूरचे काका बसलेले असतात आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो. अशी चार माणसे महिन्यातून एकदा एका घरी जमली तरी पुरे. चहा, एक गीत, एक अध्याय, सगळे मराठीत.

आणि मुलांना माझे एक सांगणे आहे. दुसरे शमुवेल, एकोणिसावा अध्याय, बर्जिल्लय गिलादी. ऐंशी वर्षांचा, श्रीमंत माणूस. दावीद राजा संकटात होता तेव्हा त्याने त्याला अन्न पुरवले होते. राजा म्हणतो, माझ्याबरोबर यरुशलेमेस चल, मी तुला सांभाळतो. म्हातारा स्वच्छ नाही म्हणतो. खाल्लेल्याची चव कळत नाही, गाणाऱ्यांचा आवाज ऐकू येत नाही, तुमच्यावर भार कशाला. मला माझ्या गावी, आईबापांच्या कबरेजवळ मरू द्या. आणि किम्हामाला बरोबर न्या, त्याचे भले करा. दावीद हट्ट करत नाही. मुका घेतो, आशीर्वाद देतो, परत पाठवतो, आणि किम्हामाला नेतो. राजाने नकार ऐकला. आपण आईवडिलांना नेताना त्यांना विचारतो, की सांगतो? प्रत्येकाला गावी ठेवता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण विचारून नेणे आणि उचलून नेणे यांत फरक आहे, आणि मंडळीच्या माणसाने मुलांशी बसून हे बोलावे. घरातले कोणी बोलत नाही.

आता वहीतली ती मोकळी ठेवलेली शेवटची ओळ. 'हे मंडळीला काय देऊ शकतात?'

गणनेच्या पुस्तकात, आठव्या अध्यायात, लेवींच्या निवृत्तीचा नियम आहे. निवासमंडपाच्या कामातून पन्नासाव्या वर्षी मोकळे व्हायचे. पण घरी पाठवलेले नाही. त्यांनी आपल्या भावांना मदत करत पहाऱ्याचे काम करायचे. ओझे उतरवले, पहारा ठेवला. मला हे वाचून फार बरे वाटले, कारण मला पेन्शनबरोबर फक्त ओझे उतरवून मिळाले होते.

पहारा म्हणजे काय? चालता न येणाऱ्या आजींना दर सोमवारी पाच नावे द्या, खरी नावे, खऱ्या गरजा, आणि पुढच्या सोमवारी फोन करून काय झाले ते सांगा. "सर्वांसाठी प्रार्थना करा" असे मोघम सांगू नका, ते कामच नव्हे. बँकेतून निवृत्त झालेल्या काकांना मंडळीचे हिशेब तपासायला द्या. लग्न ठरलेल्या जोडप्याला पन्नास वर्षे संसार केलेल्या जोडप्याच्या घरी दोनदा जेवायला पाठवा. मंडळीचा इतिहास कोणाच्या तरी डोक्यात आहे, तो मोबाइलवर बोलून घ्या. लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून पुस्तकरूपाने यायला लागले, तेव्हा त्या पासष्टी ओलांडलेल्या होत्या. पंडिता रमाबाई १९२२ मध्ये वारल्या, त्या शेवटच्या वर्षांत केडगावला बायबलच्या भाषांतराचेच काम करत होत्या. प्रत्येक मंडळीत लक्ष्मीबाई नसतील. पण मिशन कंपाउंडमधली विहीर कोणी खणली आणि दुष्काळात धान्य कुठून आले, हे सांगणारे शेवटचे एक-दोन जण अजून आहेत.

देताना सक्ती मात्र नको. "मी दमलो आहे, मला नुसते बसू द्या" असे कोणी म्हटले तर बसू द्या. बर्जिल्लय आठवा.

सुरुवात कशी करायची म्हणाल, तर कमिटीचा ठराव आणि उद्घाटन यांची वाट बघू नका. येत्या रविवारी उपासना संपल्यावर तीन माणसे मागे थांबा. वही उघडा. आज कोणती साठीपुढची माणसे आली नव्हती, त्यांची नावे लिहा, आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येकाला एक फोन करा. रागावू नका, "का आला नाहीत?" असे विचारू नका. "आज तुम्ही दिसला नाहीत" एवढेच म्हणा आणि पुढचे ऐका. तीन महिने एवढेच करा. बाकीची योजना त्या फोनांतून आपोआप पुढे येते.

आमच्याकडे कुलूप त्याच आठवड्यात काढले. कमोड आणि दांडी बसवायला दोन महिने लागले, कारण खर्चाला कमिटीत विरोध झाला. कीबोर्डला मात्र विरोध झाला नव्हता. बाई जुलैपासून परत येऊ लागल्या. दाराजवळच्या बाकाच्या टोकाला बसतात, मध्ये एकदा उठून जातात, परत येतात, कोणी वळून बघत नाही. पहिल्या रविवारी मी त्यांना कपाटातली शाल नेऊन दिली आणि माफी मागितली. त्यांनी शाल उलटसुलट करून बघितली आणि म्हणाल्या, "कापड बरे आहे. पण भाऊ, उपदेश अजूनही पंचावन्न मिनिटांचाच आहे, त्याचे काय करणार?"

ते पाळकसाहेबांशी बोलणे अजून बाकी आहे.